व्हायब्रेशन मशीनवर उभे राहणे व्यायामात मोजावे का?

त्रिमूर्तीनगरकर (धागाकर्ता)

आमच्या वसाहतीत पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांचा एक जुना गट आहे. हिवाळ्यात ही मंडळी नियमाने अंबाझरी तलावाच्या बाजूने फिरून येतात, पण एप्रिल लागला की एकेक जण गळू लागतो आणि नवतपा (मे अखेरचे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस) येईपर्यंत गट जवळजवळ संपलेला असतो. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रात्रभर भिंती तापलेल्या राहतात आणि झोप न झालेल्या सत्तरीतल्या माणसाला पहाटे साडेपाचलाही घराबाहेर पडणे जड जाते. त्यापाठोपाठ पावसाळा आणि निसरडे रस्ते येतात.

यावर उपाय म्हणून वसाहतीच्या निधीतून सभागृहात दोन व्हायब्रेशन मशीन (ज्यांच्या थरथरणाऱ्या पाटावर उभे राहायचे असते) घ्यावीत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. विक्रेत्याने दिलेल्या पत्रकात ‘दहा मिनिटे उभे राहा, एक तासाचा व्यायाम मिळवा’ असे छापले असून वजन घटणे, हाडे बळकट होणे आणि गुडघेदुखी थांबणे असे सर्व लाभ एकाच वेळी सांगितले आहेत. निधी सर्वांचा आहे आणि हिशेब माझ्याकडे आहे, त्यामुळे मला हे नीट समजून घ्यायचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचा सराव असलेले व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. या तीनपैकी कोणत्या रकान्यात मशीनवरची दहा मिनिटे टाकता येतील? की एकाही नाही? ज्यांना या विषयातले कळते त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भौतिकोपचार_धंतोली

मी भौतिकोपचारक आहे आणि असे यंत्र उपचारांत वापरलेले आहे, म्हणून आधी ते शरीरात काय करते ते सांगते.

स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म अवयव असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ते मज्जारज्जूला संदेश देतात आणि आपण काही ठरवण्याच्या आत तो स्नायू आकुंचन पावतो. स्नायूवर किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर सतत कंपन दिले तर हे प्रतिक्षिप्त आकुंचन टिकून राहते, हे एक्लुंड आणि हागबार्थ या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवले होते. कंप पावणाऱ्या पाटावर उभे राहिल्यावर पोटऱ्या आणि मांड्या आपोआप घट्ट होताना जाणवतात, त्यामागे मुख्यतः हीच क्रिया असते. तेव्हा ‘यंत्राने काहीच होत नाही’ हे म्हणणे बरोबर नाही.

मात्र ‘काहीतरी होते’ आणि ‘पुरेसे होते’ यांत बरेच अंतर आहे. पत्रकातला दावाच मोजून पाहू. भरभर चालताना आपण बसून असतानाच्या सुमारे चौपट ऊर्जा खर्च करतो. तासाभराच्या अशा चालण्याचे काम दहा मिनिटांत उरकायचे असेल तर त्या दहा मिनिटांत श्रम सहापट हवेत, म्हणजे बसून असतानाच्या चोवीसपट. एवढ्या वेगाने प्राणवायू वापरणे जगातल्या मोजक्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना किंवा सायकलपटूंनाच साधते, आणि तेही दमछाक होऊन. पाटावर गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाचा श्वाससुद्धा वाढलेला नसतो. यंत्रावर मुद्दाम बैठका मारल्या, वर वजन घेतले आणि वारंवारता (सेकंदाला होणारी कंपने) वाढवली, तर प्राणवायूचा वापर चालण्याइतका जाऊ शकतो, हे प्रयोगांत मोजलेले आहे. परंतु नुसते उभे राहणे मध्यम श्रमाच्या उंबरठ्यापर्यंतही क्वचितच पोहोचते.

म्हणून माझे उत्तर असे आहे : १५० मिनिटांच्या रकान्यात मशीनवर उभे राहण्याचे एकही मिनिट टाकू नये. स्नायूंच्या रकान्यात टाकायचे असेल तर तुम्ही त्यावर उभे राहून काय केले हे आधी विचारावे. गुडघे वाकवून अर्धी बैठक, चवड्यांवर उचलणे, एका पायावर तोल धरणे हे केले असेल तर तो व्यायाम आहे आणि कंपन ही त्यावरची भर आहे.

खाणीतला_निवृत्त

मी आयुष्यभर कोळशाच्या खुल्या खाणींत यंत्रसामग्रीचे काम पाहिले. आमच्या क्षेत्रात ‘संपूर्ण शरीराचे कंपन’ हे शब्द व्यायामाच्या संदर्भात कधीच येत नसत; ते धोक्यांच्या यादीत असत. डंपर आणि डोझर चालवणाऱ्यांची कंबर आणि मणके वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी खराब होतात, आणि आपल्याच नागपुरात पूर्वी स्वतंत्रपणे असलेल्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेने या चालकांच्या आसनांवरील कंपनांची मोजमापे केलेली आहेत. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या पाळीत सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा प्रवेग आला की मालकाने उपाययोजना सुरू करायची असते आणि १.१५ ही कमाल मर्यादा असते.

आता पाटाचे गणित पाहा. प्रवेग हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. पाट मध्यापासून वर-खाली दोन-दोन मिलिमीटर हलत असेल आणि वारंवारता सेकंदाला ३० असेल, तर पायाखालचा सर्वोच्च प्रवेग सुमारे ७१ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपटीहून थोडा अधिक. वारंवारता निम्मी केली तर तो एकदम चौथ्या हिश्शावर उतरतो. हे आकडे पाळीच्या मर्यादेशी थेट जुळवू नयेत, कारण ती मर्यादा दिवसभराच्या सरासरीची आहे आणि आसनावरून धडात जाणाऱ्या कंपनासाठी आहे, तर येथे माणूस काही मिनिटेच उभा असतो आणि घोटे व गुडघे बराचसा हादरा शोषून घेतात. तरीही ज्या यंत्राच्या एका बटणाने पायाखालचा भार एवढा बदलतो, त्याची वारंवारता आणि कंपविस्तार (पाट मध्यापासून किती हलतो ते) विकत घेणाऱ्याला माहीत असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

बाजारातल्या बहुसंख्य स्वस्त यंत्रांवर मात्र ‘स्पीड १ ते ९९’ एवढेच लिहिलेले असते. स्पीड ४० म्हणजे सेकंदाला किती कंपने, हे कोठेही दिलेले नसते. त्रिमूर्तीनगरकर, तुमच्या विक्रेत्याला हे दोन आकडे लेखी मागा. आणखी एक सांगतो : माणसाचे धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांच्या आसपास सर्वाधिक डोलते, त्यामुळे ‘वृद्धांसाठी अगदी हळू ठेवा’ हा सल्ला दिसतो तितका निर्धोक नाही.

रेशीमबागचा_तालीमबाज

माझे मत कडक वाटेल, पण ते विचारपूर्वक बनलेले आहे. ज्यात माणूस स्वतः जोर लावतो, जोर हळूहळू वाढवत नेतो आणि त्यामुळे उद्या आजच्यापेक्षा अधिक करू शकतो, त्यालाच मी व्यायाम म्हणतो. पहिल्या आठवड्यात पाच उठबशा, महिन्याने दहा, पुढे हातात वजन घेऊन दहा, ही चढती भाजणी त्यात असावी लागते. मशीनवर चढल्यावर माणसाला आकडा वाढवण्याखेरीज काही करायचे नसते, आणि तो आकडा यंत्राचा असतो.

यंत्राने व्यायाम करून घेण्याची कल्पना नवीनही नाही. गुस्टाफ झांडर या स्वीडिश वैद्याने १८६५ मध्ये स्टॉकहोममध्ये यंत्रोपचाराची संस्था काढली होती आणि तेथे शरीराला हलवणारी, चोळणारी, थरथरवणारी अनेक यंत्रे होती. पुढे अमेरिकेत जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामात कंप पावणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. विसाव्या शतकाच्या मध्यात कमरेला पट्टा लावून चरबी ‘हलवून’ काढणारी यंत्रे घरोघरी गेली, आणि त्यांनी कोणाची चरबी गेली नाही. दर पिढीत वेगळ्या आकाराचे यंत्र येते आणि वचन तेच असते. झांडर यांच्याबद्दल मात्र मला आदर आहे, कारण त्यांच्या पुष्कळ यंत्रांत रोग्याला स्वतः भार ओढावा लागे आणि तो भार मोजून वाढवता येई. आजच्या व्यायामशाळेतल्या वजनाच्या यंत्रांचे मूळ तेथे आहे. त्यांचा तो भाग टिकला, थरथरवणारा भाग पुन्हा पुन्हा नव्याने विकावा लागतो.

ज्येष्ठांसाठी सभागृहात बळकट, हात नसलेल्या खुर्च्या, भिंतीला एक आधाराचा दांडा आणि काही रबरी पट्टे ठेवावेत. पंखे आधीच असतील. एवढ्यावर उत्तम काम होते.

महालकरीण

तालीमबाज दादा, तुमच्या म्हणण्यातली कळकळ समजते, पण तुमच्या व्याख्येत माझ्या सासूबाई बसत नाहीत आणि म्हणून मी लिहीत आहे. त्यांना अस्थिविरळता (हाडे ठिसूळ होण्याचा विकार) आहे, मणक्याचा एक जुना दबलेला अस्थिभंग आहे आणि पडण्याची एवढी भीती बसली आहे की खुर्चीतून उठतानाही त्या दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरतात. उठबशांचे नाव काढले तरी त्या नाही म्हणतात. फिजिओथेरपीत त्यांना दांडा धरून, गुडघे किंचित वाकवून, अगदी कमी तीव्रतेच्या पाटावर अल्प वेळ उभे करत असत आणि त्याच सत्रात नंतर खुर्चीवरून उठण्याचा सराव घेत असत. पायांना जाग आल्यासारखे वाटते, असे त्या म्हणत, आणि त्यानंतर सराव करायला राजी होत. हा लाभ यंत्राचा होता, सरावाचा होता की शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या धीर देण्याचा होता, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. परंतु ज्याला व्यायामाच्या दारापर्यंतही येता येत नाही, त्याला तेथवर आणणारी वस्तू पूर्णपणे निरुपयोगी म्हणणे मला पटत नाही.

माझा प्रश्न हाडांबद्दल आहे. पत्रकांमध्ये ‘अंतराळवीर वापरतात’ असे लिहिलेले असते. हाडांची घनता खरोखर वाढते का?

सूक्ष्मदर्शी

महालकरीण ताई, हाडांबद्दलची कथा खूप आशेने सुरू झाली आणि माणसांपर्यंत येताना बरीच फिकी पडली. ती क्रमाने सांगतो, कारण जाहिराती नेहमी तिचा पहिलाच भाग सांगतात.

गुरुत्वाकर्षण नसलेल्या ठिकाणी हाडांवर भार येत नाही आणि अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटते. त्यामुळे अगदी हलक्या यांत्रिक संकेताने हाड टिकवता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. अमेरिकी संशोधक क्लिंटन रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मागच्या पायांना रोज २० मिनिटे, सेकंदाला ३० कंपने आणि गुरुत्वाकर्षणाच्या तीनदशांश एवढ्याच प्रवेगाने वर्षभर कंपन दिले, आणि मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. हा निष्कर्ष २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. हा प्रवेग, वर खाणीतल्या काकांनी मोजलेल्या सातपटीच्या तुलनेत, अतिशय सौम्य आहे, हेही लक्षात घ्यावे. रुबिन यांचे संशोधन दाखवून जोरदार थरथरणारे यंत्र विकणे म्हणजे एका वस्तूचा पुरावा दुसऱ्या वस्तूला चिकटवणे होय.

माणसांवर २००४ मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी सहा महिने जोरदार कंपनाच्या पाटावर व्यायाम केला, तेव्हा खुब्याच्या हाडाची घनता एका टक्क्याच्या जवळपास वाढली. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. टोरंटोत २०२ स्त्रियांवर वर्षभर केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सौम्य कंपनाची होती, आणि तीत हाडांच्या घनतेवर परिणाम दिसला नाही. अमेरिकेत सरासरी ८२ वर्षे वयाच्या १७४ स्त्री-पुरुषांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीतही, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, उपयोग आढळला नाही. म्हणून अस्थिविरळतेसाठी डॉक्टरांनी दिलेली औषधे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या जागी यंत्र कधीही येऊ देऊ नये.

व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘कंपन हे व्यायामाइतकेच प्रभावी’ हा मजकूर बहुधा २०१७ च्या एका प्रयोगावरून आला असावा. त्यात एका गटाला रोज कंपन आणि दुसऱ्याला ट्रेडमिल दिली होती, आणि दोन्ही गटांत साखरेच्या चयापचयात सारखी सुधारणा दिसली. ते सर्व तरुण उंदीर होते, आणि ज्यांच्यात ती सुधारणा दिसली ते जनुकीय दोषामुळे लठ्ठ व मधुमेही झालेले होते. त्यांच्यावरून त्रिमूर्तीनगरच्या आजोबांबद्दल काही सांगता येत नाही. वजनाबद्दल अँटवर्पमधल्या एका छोट्या अभ्यासात आहार-नियंत्रणासोबत कंपन केलेल्या लोकांची पोटाच्या आतली चरबी चांगली घटली होती, पण आहार-नियंत्रण हा तेथे सर्व उपचार-गटांचा पाया होता.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेतून बरेच स्पष्ट झाले. विक्रेत्याला वारंवारता आणि कंपविस्तार विचारला असता ‘स्पीड ९९ पर्यंत आहे, सगळे चालते’ एवढेच उत्तर मिळाले. दोन प्रश्न उरतात. सभागृहातले यंत्र कोणीही, कोणाच्याही देखरेखीशिवाय वापरणार आहे; अशा वेळी कोणी त्यावर चढूच नये? आणि तोल व पायांची ताकद यांना यंत्राने लाभ होतो असे जे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

भौतिकोपचार_धंतोली

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते निधीपेक्षा महत्त्वाचे आहे. पेसमेकर बसवलेले, पायात रक्ताची गुठळी झालेली किंवा तसा संशय असलेले, नुकताच अस्थिभंग वा शस्त्रक्रिया झालेले, खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेले, अपस्माराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, दृष्टिपटलाचा विकार असलेले किंवा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, आणि मूतखडा किंवा पित्तखडा असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यावर पाऊल ठेवू नये. ज्येष्ठांच्या कोणत्याही गटात ही यादी वाचून दाखवली तर निम्मे हात वर होतील, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात मूतखड्याची तक्रार किती सर्रास असते हे मी वेगळे सांगत नाही. शिवाय गुडघे ताठ ठेवून उभे राहिले तर कंपन थेट डोक्यापर्यंत जाते. हे सांगणारा माणूस शेजारी नसेल, तर नवखा माणूस नेमका ताठच उभा राहतो.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : काहीच न करणाऱ्या वृद्धांशी तुलना केली तर यंत्रावर व्यायाम करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद आणि चालण्या-उठण्याची क्षमता सुधारल्याचे अनेक चाचण्यांत दिसते. परंतु तेच व्यायाम स्थिर जमिनीवर करणाऱ्यांशी तुलना केली की हा फरक पुष्कळदा कमी होतो किंवा उरतच नाही. माझ्या मते तुमच्या निर्णयासाठी हीच एक गोष्ट पुरेशी आहे. महालकरीण ताईंचे निरीक्षणही मी खोडून काढत नाही. अतिशय अशक्त व्यक्तीला प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, धरायला दांडा असताना, हे साधन उपयोगी पडते. फक्त ती जागा उपचारकेंद्राची आहे, कुलूप नसलेल्या सभागृहाची नाही.

रेशीमबागचा_तालीमबाज

महालकरीण ताई, तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. त्यांना उठबशांना तयार करण्यासाठी जे लागेल ते करावे. माझा आक्षेप त्या धडधाकट साठीतल्या माणसाबद्दल आहे जो मशीन आले म्हणून अंबाझरीला जाणे थांबवेल आणि वर्षभराने त्याला फुटाळा तलावाची एक फेरीही झेपणार नाही.

त्रिमूर्तीनगरकर

हीच भीती मलाही होती. रविवारच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. मशीनचा प्रस्ताव मागे घेण्यात आला असून त्याऐवजी एप्रिल ते सप्टेंबर सकाळी सहा वाजता सभागृहात पाऊण तासाचे सत्र ठेवायचे ठरले आहे. त्यात पंखे आणि कूलर लावून जागच्या जागी चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, दांडा धरून चवड्यांवर उचलणे आणि एका पायावर उभे राहणे असेल. पहिले काही आठवडे एक भौतिकोपचारक येऊन प्रत्येकाची पद्धत तपासतील. त्यांचे मानधन यंत्रांच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे. एका सभासदांनी विचारले की मशीनवर आकडा तरी दिसतो, येथे प्रगती होते आहे हे कसे कळणार? मॅडम, याचे सोपे मोजमाप सुचवाल का?

भौतिकोपचार_धंतोली

अवश्य. आसनाची उंची साधारण ४३ सेंटिमीटर असलेली, हात नसलेली खुर्ची घ्या आणि ती सरकू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवा. व्यक्तीने मध्यभागी बसून दोन्ही हात छातीवर आडवे घ्यावेत आणि ३० सेकंदांत पूर्ण ताठ उभे राहून पुन्हा बसण्याची कृती किती वेळा होते ते मोजावे. हाताचा आधार घ्यावा लागला तर त्या दिवशी शून्य लिहावे. त्यात कमीपणा मानू नये, कारण पुढे शून्याचा एक होणे ही या गटातली सर्वांत मोठी प्रगती असेल. शेजारी एकाने उभे राहावे, चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबवावे, आणि दर आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा मोजावे. खुर्ची बदलली तर जुन्या आकड्याशी तुलना करू नये.